काळ्या शर्टावर पांढरा शर्ट

अंगातला शर्ट झाकल्याशिवाय तुमचं रक्त आम्हाला नको, असं कधी कोणी तुम्हाला तोंडावर सांगितलं आहे का?

मला सांगितलं गेलं. गोंदियाजवळच्या गोरेगावात, नवरात्रात, भर दुपारी, मंडपातल्या सगळ्या लोकांसमोर. शर्ट मळका नव्हता, फाटकाही नव्हता. धुतलेला, इस्त्री केलेला काळा सुती टी-शर्ट होता आणि त्यावर पांढऱ्या ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'मी नास्तिक आहे'. पाठीवर जरा लहान अक्षरांत, 'विचारा, सांगते'. त्या दुपारी मला जो धक्का बसला तो अजून पुरता ओसरलेला नाही. म्हणून हे लिहिते आहे. ह्यात कोणाचंही नाव नाही, आणि का नाही ते पुढे कळेलच.

आधी शर्टाविषयी. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. आमचं घर मुर्रीला, गोंदियाच्या अगदी कडेला. बाबा राइस मिलमध्ये वजनकाट्यावर काम करायचे आणि सुट्टीच्या दिवशी सायकलच्या हँडलला कापडी पिशवी अडकवून पत्रकं वाटायला निघायचे. पिवळी, गुलाबी, पोपटी पत्रकं. विषय ठरलेले: भानामती, अंगात येणं, नवस, गंडेदोरे. घड्या घालायचं काम माझं. शाळेत जायच्या आधी मला अक्षरं तिथे भेटली. 'च' चमत्काराचा आणि 'भ' भोंदूचा. शाळेत बाईंनी 'च चमच्याचा' म्हटलं तेव्हा मी हात वर करून दुरुस्ती केली होती.

गोरेगावच्या आठवडी बाजारात भजेवाला आमच्या पत्रकात भजी बांधून द्यायचा. मला राग यायचा. बाबा खूश. म्हणायचे, "बेस हाये. पुडी घरी जाते, घरी उघडते, घरीच वाचल्या जाते."

पुढे लोकांनी पत्रक घेणंच सोडलं. हात खिशातून बाहेर काढायचा तर तो फोनसाठी. मग मला वाटलं, घेतलं नाही तरी वाचावं लागेल असं पत्रक हवं, ज्यात भजी बांधता येणार नाहीत. गोंदियाच्या बाजारात मंडळांचे आणि कबड्डीच्या संघांचे टी-शर्ट छापणारं एक दुकान आहे, तिथे गेले. मालकाने मजकूर घेतला आणि संगणकावर नमुना दाखवला. 'मी नास्तिक आहे' आणि त्याच्या वर मधोमध सुबक ॐ.

"हा काय?"

"सब में डालते हैं दीदी. उसका पैसा नहीं लगता."

"काढा."

"निकाल दूँ? पक्का?" त्याने ॐ काढला. मग कोपऱ्यातलं स्वतःच्या दुकानाचं नावही गुपचूप काढून टाकलं.

तो शर्ट घालून मी बाजारात जाते, बसमध्ये बसते, बँकेत रांगेत उभी राहते. माझ्या आईचा देव्हारा स्वयंपाकघरात आहे आणि ती माझा शर्ट धुते, पण वाळत घालते तो मागच्या अंगणात, उलटा करून, अक्षरं आत. बसमध्ये शेजारची बाई ओठ हलवत एकेक अक्षर वाचते आणि मांडीवरचं लेकरू दुसऱ्या मांडीवर घेते. एकदा एका म्हाताऱ्याने तेवढं विचारलं, "काऊन वो बाई, मायबाप हायेत का नाई?"

"आहेत ना. बाबांनीच शिकवलं."

"मंग त सारंच संपलं," असं म्हणून तो खिडकीबाहेर बघत बसला. बाकी कोणी विचारत नाही. माझ्यासमोर आपसात बोलतात, जशी मी भिंत आहे आणि माझ्यावर कोणी काहीतरी लिहून गेलं आहे.

ह्या सगळ्याची मला सवय झाली होती. मला वाटायचं, फार फार तर कोणी शिव्या देईल, अंगावर येईल. त्याची मी मनात तयारी करून ठेवली होती, उत्तरंही पाठ होती. जे झालं त्याची तयारी नव्हती.

आमच्या गल्लीत एक काकी राहते. तिच्या मुलीला सिकलसेल आहे. तिच्या रक्तातल्या पेशींचा आकार बिघडतो, मग हाडं ठणकतात, रक्त कमी होत जातं आणि बाहेरून चढवावं लागतं. मुलगी बारावीत आहे. तिचा रक्तगट बी निगेटिव्ह, सहज न मिळणारा. माझाही तोच. हे कळलं तेव्हापासून काकीच्या फोनमध्ये माझा नंबर सगळ्यात वर आहे.

त्या दिवशी मी गोरेगावला मैत्रिणीकडे होते. काकीचा फोन आला.

"बाई, पोरीले भरती केलं. डाक्टर म्हंते आज-उद्याच रक्त पायजे. रक्तपेढीत तुह्या गटाचं नाई. आनं आज सुट्टी. रक्त घेनारे समदे लोक गोरेगावले गेले म्हंते, माताच्या शिबिरात. तू तठीच हायेस ना वो? तठीच दे. ते संध्याकाळी पिशवी आनतीन, तपासतीन, सकाळी पोरीले लावतीन."

"निघालेच," म्हटलं.

मंडप बाजाराच्या रस्त्यालाच होता. एका बाजूला मोठी मूर्ती, दुसऱ्या बाजूला कापडाच्या आडोशाने चार खाटा. माइकवर कोणीतरी सारखं सांगत होतं की मातारानीच्या चरणी रक्तदान करा. दारातच टेबल. टेबलावर केळी, बिस्किटांचे पुडे आणि पांढऱ्या टी-शर्टांचा ढीग. शिबिरांचा हा रिवाज आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. रक्त देणाऱ्याला मंडळाचा टी-शर्ट मिळतो. तो घालूनच खाटेवर झोपायचं, मंडळाचे अध्यक्ष उशाशी उभे राहतात, आणि सुई टोचलेल्या हाताचा अंगठा वर करून फोटो काढतात. संध्याकाळपर्यंत तो फोटो तालुकाभर जातो.

रक्तपेढीची सिस्टर पुढे बसली होती. तिने वजन बघितलं, बोटातून थेंब काढला, जेवून आलात का विचारलं. गट सांगितल्यावर तिचा चेहरा उजळला. "बी निगेटिव्ह? बसा, बसा. सकाळपासून एक नाही मिळाला."

तेवढ्यात अध्यक्ष आले. चाळिशीचे, कपाळावर लांब टिळा, बोलणं अगदी गोड. त्यांनी माझा शर्ट वाचला. मी वाट बघत होते की आता आवाज चढेल. चढला नाही. त्यांनी ढिगातून एक टी-शर्ट उचलला, झटकून उघडला आणि माझ्यापुढे धरला. पांढरा, पातळ, पोटापर्यंत मोठा देवीचा फोटो, खाली मंडळाचं नाव.

"घ्या दीदी. वरून घालून घ्या."

"नको. रक्त द्यायला आले आहे, शर्ट न्यायला नाही."

"सबको मिलता है ना. तुमालेच थोडी देऊन राह्यलो."

"मला नको आहे."

"मंग रक्तबी नको," अध्यक्ष हसत म्हणाले. तेच हसू, तोच गोड आवाज. "हे मातेचं शिबिर हाये. मातेच्या समोर हे असं लिहून तुमी झोपसान? लोकं काय म्हंतीन?"

"हे कुठे लिहिलं आहे, की शर्ट घातल्याशिवाय रक्त घ्यायचं नाही?"

"कुठीच नाई लिहलं. लिहाव कायले लागते?"

लोक जमले. मागून एकाने विचारलं, "देव नाई त मंग तुह्या अंगात रक्त कोनं बनवलं वो?"

"माझ्या आईच्या वरणभातानं."

दोघंतिघं हसले. अध्यक्षही हसले. पण शर्ट त्यांनी तसाच धरून ठेवला होता, दोन्ही हातांनी खांद्यांपाशी पकडून, जसं लहान लेकराला घालायला धरतात. सिस्टरने मला बाजूला घेतलं. "ताई, खाटा त्यांच्या, मंडप त्यांचा, आम्ही पाहुणे. उद्या दुसऱ्या गावात दुसरं मंडळ आहे. मी भांडू शकत नाही. घाला ना. पिशवी रिकामी जाईल."

पाठ केलेलं एकही उत्तर इथे लागू पडत नव्हतं. कोणी मला धर्मबुडवी म्हटलं असतं तर मी तास-दोन तास बोलले असते. इथे कोणी भांडतच नव्हतं. एका मुलीला हवं असलेलं रक्त माझ्या दंडात होतं, सुई हातभर अंतरावर होती, आणि मधे दीड वितीचं कापड आलं होतं.

मी बाहेर रस्त्यावर आले. गोंदियाला जाऊन तिथेच देते, असं ठरवून काकीला फोन लावला.

"इथं येऊन काय करशीन?" काकी म्हणाली. "इथं पिशवी देनारा एकच मानूस बसला हाये. घेनारं कोनी नाई. उद्या सकाळीच घेतीन म्हंते." मग तिला काय झालं ते सांगितलं. काकी स्वतः नऊ दिवस उपास करते, अनवाणी राहते. तिच्या मनात काय चाललं असेल ते मला दिसत होतं आणि ते तिने बोलू नये असं वाटत होतं. तेवढ्यात मुलीने फोन घेतला.

"दीदी, काय लिहलं हाये त्यावर?"

"तुला माहीत आहे. तूच म्हणालीस ना, अक्षर भारी आहे म्हणून."

"तुह्या नाई वो. वरून घालाच्या शर्टावर."

"देवीचा फोटो आहे. मंडळाचं नाव."

ती थांबून थांबून बोलत होती. तिच्या हाडांत कळ आली की ती वाक्य अर्धं सोडते, मग दात आवळून पुन्हा उचलते. "मंग घाल ना. मले त आतलं येनार हाये. शर्ट थोडीच येनार हाये नळीतून." आणि ती हसली. आडवी पडून, तोंडावर ऑक्सिजन लावायची वेळ आलेली मुलगी हसली. मागून काकीचा आवाज आला, "हासू नको बापा, धाप लागते."

मी मंडपात परत गेले आणि हात वर केले. अध्यक्षांनी शर्ट चढवला नाही, तेवढी लाज त्यांनी पाळली. माझ्या हातात दिला, मी घातला. एक्स्ट्रा लार्ज होता, गुडघ्यापर्यंत आला. ऑक्टोबरच्या उकाड्यात एकावर एक दोन शर्ट. खाटेवर झोपले. सुई टोचली. अध्यक्ष उशाशी येऊन उभे राहिले. "अंगठा, दीदी, अंगठा."

अंगठा मी वर केला नाही. मूठ मात्र आवळावी लागते, रक्त नीट यावं म्हणून. फोटोत ती मूठ कशी दिसली ते दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकीचा फोन आला, पिशवी लागली, पोरगी झोपली. मी अंथरुणातच रडले. मग बाबांनी हाक मारली. ते घरापुढच्या ओट्यावर बसून फोन हातभर लांब धरून वाचत होते. त्यांना तो संदेश मिलमधल्या जुन्या सोबत्याने पाठवला होता. त्याला त्याच्या जावयाने, जावयाला आणखी कोणी.

फोटोत मी होते. पांढरं कापड इतकं पातळ की घामाने चिकटून आतली अक्षरं वर उमटली होती. देवीच्या चित्रामागून स्पष्ट वाचता येत होतं, 'मी नास्तिक आहे'. मूठ आवळलेली, डोळे मिटलेले. सुई टोचताना मी डोळे मिटते. वर लाल अक्षरांत होतं: 'गोरेगावात साक्षात चमत्कार! देवाला न मानणारी मुलगी मातेच्या दरबारी आली. जिथे नास्तिक लिहिलं होतं तिथे माता येऊन बसली. डोळ्यांतून अश्रू, हात आपोआप जुळले.' आणि सगळ्यात खाली: 'वाचा आणि पुढे पाठवा.'

बाबांनी दोनदा वाचलं. मला वाटलं आता विचारतील, घातलास कशाला. ते म्हणाले, "हे त पत्रक हाये."

"काय?"

"पाय ना. वर मोठं शीर्षक. एकच मुद्दा. शेवटी विनंती." त्यांनी फोन माझ्याकडे दिला. "आपल्याच सारखं हाये. चांगलं जमलं त्याईले."

त्यांच्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी एक ओळ असायची, 'वाचा आणि दुसऱ्याला द्या'. लहानपणी त्या ओळीवर बोट ठेवूनच मी घडी घालायची. त्याच जागी, तेच सांगणारी ओळ आता माझ्या मिटलेल्या डोळ्यांखाली होती. मंडपात बसला नव्हता एवढा धक्का मला ओट्यावर बसला. आमचं एकेक पत्रक भज्यांना लागलं आणि हे एका रात्रीत सगळ्या तालुक्यात पोचलं.

बाबांनी लगेच कागद घेतला. 'चमत्कार नव्हे, सक्ती', असं शीर्षक टाकलं आणि खाली लिहायला सुरुवात केली, 'एका आजारी मुलीसाठी रक्त द्यायला गेलेल्या तरुणीला...' तिथे मी त्यांना थांबवलं. म्हटलं, काकीला विचारून येते.

वॉर्डात मुलगी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. काकीने मला बघताच उठून माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "तुले मातेनंच पाठवलं बाई." फोटो तिनेही बघितला होता. प्रसादाची पुडी माझ्या हातात ठेवली.

मी पत्रकाचं सांगितलं. काकीचे हात खाली आले.

"नको वो. पोरीचं कोनाले मालूम नाई. आमी गावात सांधेवात सांगतो. सिकलसेल म्हटलं का पुढं समदं बंद. कोन करते मंग अशा पोरीले?"

"नाव टाकणार नाही काकी."

"नाव कायले पायजे? गल्लीत रक्त लागनारी आनखी कोन हाये?"

तिचं बरोबर होतं. जे खरं आहे ते छापायचं, ह्या एका गोष्टीवर मी मोठी झाले, आणि खरं छापलं की ह्या मुलीचं झाकलेलं उघडं पडणार होतं. खोटं मात्र गावोगाव मोकळं फिरत होतं, त्याला कोणाची परवानगी लागत नव्हती. मी प्रसादाची पुडी मुठीत धरून उभी राहिले. 'मला मातेने नाही पाठवलं, मी आले', एवढंसुद्धा त्या बाईला सांगता आलं नाही.

आवाज मुलीचा आला, भिंतीकडूनच. "दीदी, त्याईनं तुले घालाले लावलं ते लिही. माहं नको लिहू. थोडे दिवस जाऊ दे, मंग लिही."

बाबांचं पत्रक छापलं गेलं नाही. मधे दिवस गेले, गल्लीत नवी बिऱ्हाडं आली, आता तिथे रक्त लागणारी माणसं एकाहून जास्त आहेत, आणि मुलीने हे सगळं वाचून हो म्हटलं आहे. म्हणून आज लिहिते.

मंडळाचा टी-शर्ट आमच्याच घरात आहे. त्याचं काय करावं कोणाला कळत नाही. मी घालणार नाही. देवीचा फोटो असलेल्या कापडाने आई फरशी पुसू देणार नाही. बाबा म्हणतात, असू दे, पुरावा आहे. सध्या तो आईच्या रेशमी साडीच्या घडीत आहे.

अध्यक्ष परवा बाजारात भेटले. मी काळाच शर्ट घातला होता. त्यांनी वाचला, हसले. "दीदी, अगले साल फिर आना. तुमच्यानं शिबिर गाजलं आमचं."

"तुमचा गट कोणता?" मी विचारलं.

"माहा?" ते गोंधळले. शेजारच्या माणसाकडे बघितलं, जणू तो सांगेल. "मालूम नाई. मले सुईचं भेव लागते."

दरवर्षी मंडप घालणारा, उशाशी उभा राहून लोकांचे अंगठे वर करायला लावणारा माणूस, आणि त्याला स्वतःचं रक्त कोणतं ते ठाऊक नाही! मी टमाटे घ्यायला आले होते ते तसेच विसरून घरी आले.

मुलीला पुन्हा रक्त लागणार आहे. लवकरच. दोन वेळा रक्त देण्यात काही महिने जावे लागतात, माझा पुन्हा द्यायचा दिवस अजून यायचा आहे, आणि शिबिर पुढच्या नवरात्रात. म्हणून ही विनंती तुम्हाला आहे. तुमचा गट माहीत नसेल तर ह्याच आठवड्यात तपासून घ्या. बी निगेटिव्ह निघाला तर जवळच्या रक्तपेढीत जा, शिबिराची वाट बघू नका, आणि तुमच्या इथल्या कोणाला लागतं ते तिथेच विचारा. जे अंगात असेल ते घालूनच जा. कपाळाला गंध असेल तर गंध, गळ्यात ताईत असेल तर ताईत, काळा शर्ट असेल तर काळा शर्ट. वरून कोणी काही घालायला दिलं तर हात जोडून परत करा. फोटो काढू देऊ नका. आणि माझा तो मिटल्या डोळ्यांचा फोटो तुमच्या फोनवर आला, तर तो तिथेच थांबवा.